परिमित मद्यपान आणि मज्जातंतूंचा विकार

मळमड्डी हा धारवाडचा रेल्वे स्टेशनालगतचा भाग. तेथील एखाद्या सेवानिवृत्त रेल्वे नोकराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वय साठीच्या पलीकडे, मधुमेह जडून बारा-पंधरा वर्षे झालेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. गेली दोन वर्षे त्याच्या तळपायांची आग होते. दिवसा कामाच्या व्यापात ती फारशी जाणवत नाही. पण रात्री निजानीज झाली, स्टेशनावरची वर्दळ ओसरली, की बोटांत मुंग्या येऊ लागतात आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. मग कपाटातली बाटली बाहेर निघते. “तसा मी पिणारा नव्हे, डॉक्टर, रात्री थोडीशी, औषधापुरती,” असे तो दवाखान्यात सांगतो. डॉक्टर विचारतात, “थोडीशी म्हणजे किती?” तो म्हणतो, “हीच, एक नव्वद.”

हा गृहस्थ कल्पित आहे. परंतु त्याच्या पायांची आग आणि त्याचे उत्तर ही दोन्ही नित्याची आहेत. पिणे बरे की वाईट, हा जुना वाद येथे मांडावयाचा नाही. प्रश्न त्याहून नेमका आहे. ज्याच्या मज्जातंतूंना एकदा इजा पोहोचली, त्याला निरोगी माणसाचे ‘परिमित’ लागू पडते काय? आणि मुळात परिमित म्हणजे किती?

‘परिमित’ हा शब्द मोठा लबाड आहे. ज्याने त्याने तो आपल्या पेल्याच्या मापाने कापून घेतलेला असतो. म्हणून आधी थोडे गणित करणे इष्ट. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला आढळतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. नव्वद मिलिलिटरात ३० ग्रॅम, आणि ज्याला सर्वजण क्वार्टर म्हणतात त्या १८० मिलिलिटरात ६० ग्रॅम. “मी दारूला शिवत नाही, नुसती बियर घेतो,” असे अभिमानाने सांगणाऱ्याने ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीवरचा आकडा वाचावा. बियर ५ टक्क्यांची असेल तर त्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर ४० ग्रॅमांहून थोडा अधिकच मद्यार्क असतो. म्हणजे आपल्या गृहस्थाच्या नव्वदीपेक्षाही जास्त. पाणी किंवा सोडा घातल्याने पेला भरतो. आतला मद्यार्क कमी होत नाही.

आता हे माप कोणत्या फुटपट्टीने मोजावयाचे? एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये फ्रान्सिस अँस्टी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. प्रौढ, निरोगी माणसाने दिवसाकाठी दीड औंस शुद्ध मद्यार्कापलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा त्यांनी सांगितली आणि ती ‘अँस्टीची मर्यादा’ म्हणून विमा कंपन्यांच्या व्यवहारात दीर्घ काळ वापरात राहिली. आजच्या हिशेबाने ती सुमारे १०० मिलिलिटर व्हिस्की भरते. योग असा, की हेच अँस्टी मज्जातंतूंच्या वेदनेचेही जाणकार होते. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूची कळ त्यांनी स्वतः भोगली होती. एका साथीचा शोध घेताना शवविच्छेदनात झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १८७४ मध्ये ते अकाली वारले. मळमड्डीच्या गृहस्थाची नव्वद अँस्टींच्या मर्यादेत नीट बसते. पण ती मर्यादा धडधाकट माणसासाठी होती, आणि ती दीडशे वर्षांपूर्वीची होती. ब्रिटनने २०१६ मध्ये ठरविलेली मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसही सारखीच, आठवड्यास ११२ ग्रॅमांची आहे, आणि तेवढी घेणाऱ्याने ती एकदम न घेता तीन किंवा अधिक दिवसांत विभागावी असे सांगितले आहे. रोजची नव्वद आठवड्याला २१० ग्रॅमांच्या वर जाते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर जानेवारी २०२३ मध्ये, आरोग्यास निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही, असे स्पष्ट म्हटले.

‘औषधापुरती’ या शब्दाला धारवाडात थोडा इतिहासही आहे. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. त्या दारूबंदीच्या कायद्यात प्रकृतीच्या कारणास्तव मद्य बाळगण्यास परवाना मिळण्याची सोय होती. कायद्यानेच मद्याला औषधाच्या कपाटात एक फळी राखून ठेवली, म्हणा ना. पुढे दारूबंदी उठली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात पाकिटातली सारायी तेवढी बंद झाली. पण मद्य थोडे घेतले तर औषधच, ही समजूत कोणत्याही कायद्याने उठली नाही. सर्दीला फेणी, थंडीला ब्रँडी, झोपेला रम, असा घरगुती वैद्यकाचा एक अध्यायच आपल्याकडे पाठ असतो. चरकसंहितेत मदात्ययासाठी, म्हणजे मद्याने होणाऱ्या विकारासाठी, स्वतंत्र अध्याय आहे, याची आठवण मात्र त्या वेळी कोणास होत नाही.

मज्जातंतूला इजा होते म्हणजे काय होते, हे समजले की पुढचे सोपे जाते. पायाच्या अंगठ्याला टोचलेला काटा ज्या तंतूमुळे कळतो, त्याची मूळ पेशी कमरेजवळ कण्याच्या बाजूला असते. पेशी डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान. तिचा तंतू मात्र जवळजवळ एक मीटर लांब. या तंतूच्या दूरच्या टोकास लागणारी बहुतेक सामग्री पेशीतच तयार होते आणि तंतूच्या आतून वाहत जाते. त्यातील त्वरेने जाणारा माल दिवसाला २० ते ४० सेंटिमीटर सरकतो. सावकाश जाणारा दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. एवढ्या लांबच्या वाटेवर कोठेही टंचाई झाली तर झळ प्रथम शेवटच्या गावाला लागणार, हे उघड आहे. म्हणून बहुतेक अशा विकारांत बधिरता बोटांपासून सुरू होते, मोजा चढवावा तशी वर चढते, आणि ती गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांची बोटेही मुंग्यांची तक्रार करू लागतात.

मद्य या वाटेवर दोन ठिकाणी आडवे येते. एक आडवाट अन्नाची. ब-१ या जीवनसत्त्वावाचून तंतूला साखरेपासून शक्ती काढता येत नाही. शरीरात त्याचा साठा अवघा ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पुरवठा थांबला तर तो दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच डॉक्टर आइकमन यांनी पाहिले, की पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. या शोधाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मद्य या जीवनसत्त्वाचे आतड्यातील शोषण घटविते. शिवाय पिणारा जेवणाऐवजी शेंगदाणे आणि भजी यांवर भागवतो. संध्याकाळची जोंधळ्याची भाकरी, डाळ आणि पालेभाजी चुकली की ब-१ चाही घास चुकला.

दुसरी वाट सरळ आहे. मद्यार्क आणि शरीरात त्यापासून तयार होणारे द्रव्य तंतूला स्वतःच विषारी ठरते. बरीच वर्षे वैद्यांत वाद होता, की दोष मद्याचा की पिणाऱ्याच्या उपासमारीचा. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले, की रक्तात ब-१ पुरेसे असलेल्या मद्यप्यांनाही मज्जातंतूंचा विकार होतो, आणि त्याची चालही वेगळी असते. जीवनसत्त्वाच्या उणिवेने होणारा विकार झपाट्याने पायांची शक्ती घेतो. मद्याचा स्वतःचा विकार संथपणे चढतो आणि आग, कळा, तीव्र वेदना ही त्याची ओळख असते. तेव्हा “मी रोज ब-जीवनसत्त्वाची गोळी घेतो, मग प्यायलो तर काय झाले?” या प्रश्नाचे उत्तर नागोयाने दिलेले आहे. गोळी एक दार लावते. दुसरे उघडेच राहते.

येथून मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येऊ लागते. मज्जातंतू कशाने दुखावले, यावर मद्याचे माप अवलंबून आहे. मद्यानेच दुखावले असतील, तर त्या माणसासाठी परिमित असे काही नाही; पूर्ण वर्ज्य हाच उपचाराचा गाभा होय. त्यात आशाही आहे. मूळ पेशी जिवंत असेल तर तंतू पुन्हा वाढतो. मात्र वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. घोट्यापासून बोटापर्यंत पोहोचावयास त्याला कित्येक महिने लागतात, आणि जुन्या विकारात सगळेच परत मिळते असेही नाही. महिनाभर पेला बाजूला ठेवून “काही फरक नाही” म्हणणाऱ्याने हा वेग ध्यानात घ्यावा.

कारण दुसरे असेल तर? मधुमेह हे सर्वांत सामान्य कारण. त्याखेरीज कुष्ठरोग, ब-१२ ची उणीव, क्षयावरील आयसोनियाझिड किंवा कर्करोगावरील काही औषधे, अशी अनेक कारणे आहेत. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव विशेष आढळते. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर हे जीवनसत्त्व आणखी घटते. म्हणजे आपल्या गृहस्थाच्या पायांची आग मधुमेहाची, ब-१२ ची, नव्वदीची, की तिन्हींची मिळून, हे रक्त तपासल्यावाचून कोणीही सांगू नये. आणि डॉक्टरांना पेल्याचा खरा आकडा न सांगता केलेली तपासणी अर्धीच असते. लाजेपोटी अर्ध्यावर आणलेला आकडा डॉक्टरांना चुकीच्या कारणामागे लावतो.

अशा दुसऱ्या कारणाच्या रुग्णाने क्वचित थोडे घेतले तर काय? एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. युरोपातील इन्शुलिनवर जगणाऱ्या मधुमेह्यांच्या एका पाहणीचा वृत्तांत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यास ३० ते ७० ग्रॅम मद्यार्क घेणाऱ्यांत मज्जातंतूंचा विकार न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळला, असे त्यात होते. हे प्रमाण म्हणजे आठवडाभरात तीन ते सात लहान पेग. परंतु अशा पाहणीत एक मेख असते. प्रकृती ढासळली की पुष्कळजण पिणे सोडतात, आणि मग ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत आजारी माणसेच अधिक उभी दिसतात. त्यामुळे त्या आकड्यावरून थोडी मद्याची मात्रा तंतूंना पोसते असे म्हणण्यास आधार नाही. फार तर एवढे म्हणता येईल, की क्वचित घेतलेल्या एखाद्या लहान पेगाने अशा रुग्णाचे तंतू जळून जातात, असेही दिसलेले नाही. न पिणाऱ्याने औषध म्हणून आरंभ करण्यास तर त्यात काहीच कारण नाही.

मात्र या रुग्णाला तंतूंपेक्षा इतर गोष्टींचेच भय अधिक. रक्तातील साखर उतरू लागली की यकृत नवी साखर करून ती सावरते. मद्य पोटात असताना यकृत त्यातच गुंतते आणि हे काम मंदावते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर मग मध्यरात्री, कधी दुसऱ्या दिवशी सकाळीही, धोक्याच्या खाली जाते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, भ्रम ही तिची लक्षणे. नेमकी हीच लक्षणे नशेचीही मानली जातात. तोंडाला वास येत असेल तर घरची माणसे “अहो, त्यांना जरा झोपू द्या” म्हणून दार लोटून घेतात, आणि जेथे साखरेचे पाणी द्यावयाचे तेथे उशी दिली जाते. मधुमेही माणसाने घेतलीच तर ती उपाशीपोटी कदापि नको, आणि आपण घेतली आहे व साखर उतरू शकते, हे घरात एकाला तरी ठाऊक हवे.

दुसरे भय पडण्याचे. पाऊल जमिनीवर कसे टेकले आहे, ही वार्ताही याच तंतूंतून मेंदूला जाते. ती बंद झाली की माणूस नकळत डोळ्यांनी तोल सांभाळू लागतो. अशा माणसाने सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो; घरच्यांना ही खूण सहज ओळखता येईल. मद्य मेंदूतील तोल सांभाळणारे केंद्रच ढिले करते. ज्याचे पाय आधीच मुके झाले आहेत, त्याच्या बाबतीत एका पेगाने होणारा परिणाम निरोग्याच्या एका पेगाइतका राहत नाही. काही मधुमेह्यांच्या रक्तवाहिन्या आवळणारे तंतूही बिघडलेले असतात; उठून उभे राहताच रक्तदाब घसरतो, आणि मद्याने वाहिन्या सैल झाल्याने तो आणखी घसरतो. धारवाडच्या पावसाळ्यात ओल्या पायऱ्या आणि रात्रीची न्हाणीघराची वाट एवढ्यानेच मांडीचे हाड मोडते.

आता त्या रात्रीच्या पेल्याविषयी, जो आग शमविण्यासाठी घेतला जातो. तो शमवितो, हे खरे आहे. नाहीतर इतकी माणसे त्याच्या नादी लागती ना. मद्याने वेदना काही वेळ बोथट होते आणि झोपही लवकर लागते. परंतु उत्तररात्री मद्य उतरते तशी झोप तुटते, आणि दोन-तीनच्या सुमारास आग पुन्हा जागी होते. काही आठवड्यांत तेवढ्याच परिणामासाठी साठाची नव्वद करावी लागते. नव्वदीचे पुढे काय होते ते सांगावयास नको. वेदना शमविणारे द्रव्यच वेदनेचे कारण वाढवीत असेल, तर रुग्णाला स्वतःला ते कधीच उमगत नाही, कारण त्याच्या अनुभवात पेला नेहमी आराम घेऊनच आलेला असतो. म्हणून इतर कोणत्याही प्रसंगापेक्षा वेदनेसाठी किंवा झोपेसाठी घेतलेला पेग अधिक वाईट. लग्नकार्यात वर्षातून दोनदा घेतलेले तीस मिलिलिटर आणि उशाशी घेतलेले तीस मिलिलिटर ही मापाने सारखी, परिणामाने नव्हेत.

त्या आगीसाठी खरी औषधे आहेत: अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. यांपैकी कोणते ते डॉक्टरांनी ठरवावे. पण ती चालू असताना पेला चालू ठेवणे हे नवे संकट होय. यांतील बहुतेक औषधे सुस्ती आणतात. मद्यासह ती सुस्ती दुणावते, आणि वृद्ध किंवा दमेकरी माणसाचा श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ड्युलोक्सेटीन आणि भरपूर मद्य यांचा भार यकृतावर पडतो. आयसोनियाझिड घेणाऱ्या क्षयरुग्णाचेही तेच.

वेदना गेली म्हणून आनंद मानण्यापूर्वी आणखी एक पाहावे. आग थांबते ती कधी सुधारणेने, तर कधी तंतू पुरता मेल्याने. बधिर पायात चपलेची खिळी रुतते आणि मालकास पत्ता नसतो. बंबातले कढत पाणी पायाला कोमट भासते. रोज रात्री तळपाय आरशात पाहणे, पाण्याचा कढ कोपराने अजमावणे आणि अनवाणी न फिरणे, ही कामे शुद्धीतली आहेत. दोन पेगांनंतर आरसा कोण काढतो?

राहिला एक सावधगिरीचा मुद्दा. ज्याला रोज क्वार्टर किंवा त्याहून अधिक लागते, सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच ते थांबतात, त्याने हे वाचून उद्यापासून एकदम बाटली फोडू नये. अशा शरीरातून मद्य अकस्मात काढल्यास दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम, क्वचित मृत्यूही ओढवतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधे आणि ब-१ ची इंजेक्शने देऊन सोडवावे लागते. त्यासाठी मळमड्डीच्या माणसाला दूर जावयाचे कारण नाही. हुबळीस १९५७ मध्ये सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय वीसेक किलोमीटरांवर आहे, आणि १८४५ मध्ये मनोरुग्णालय म्हणून स्थापन झालेली मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था धारवाडातच आहे. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या, साखरेचे जुने अहवाल आणि एका आठवड्याची नोंद न्यावी: कोणत्या दिवशी किती मिलिलिटर, जेवणाआधी की नंतर, आणि त्या रात्री पाय किती वाजता जागे झाले. माप पेल्याच्या अंदाजाने न घेता औषधाच्या झाकणाने घ्यावे. घरची नव्वद त्या झाकणात पुष्कळदा एकशेवीस भरते.